पाठमोरी

भुताच्या सिनेमाचं पोस्टर करणं हे तसं बिनघोर काम. पोस्टरवाला वीस वर्षं तेच करत आला होता आणि त्याचे नियम ठरलेले होते. काळोख भरपूर, लाल रंग चिमूटभर, नाव तळाशी, आणि बाई असली तर पाठमोरी. "तोंड दाखवलं की भीती संपली," असं तो प्रत्येक निर्मात्याला ऐकवायचा. स्वतः मात्र कधी कशाला घाबरलेला नव्हता.

या वेळी ठरलेल्या मुलीने ऐनवेळी टांग दिली, म्हणून त्याने थोरल्या बहिणीला उभं केलं. आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. ती घरीच शिवणकाम करायची, आणि तिची बडबड शिवणयंत्रालाही हार जायची नाही. पांढरा गाऊन, मोकळे केस, बोळाच्या टोकाला भिंतीकडे तोंड.

"पाठच का रे? माझं तोंड एवढं वाईट आहे?"

"चांगलं आहे, म्हणूनच. आणि हसू नकोस, खांदे हलतात."

सात फोटो काढले, तेही भर दुपारी. काळोख काय, नंतर कॉम्प्युटरवर घालता येतो. संध्याकाळपर्यंत नमुना निर्मात्याकडे गेलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी फाईल उघडली, तर चित्रात ताईचा डावा कान दिसत होता. चुकून दुसराच फोटो घेतला असेल, म्हणून त्याने सातही पाहिले. सातही फोटोंत कान. तिसऱ्या दिवशी गाल आला, नाकाचा शेंडा आला. डोळे शिणलेत आपले, असं म्हणून त्याने चहा मागितला. ताईने कप हात मागे करून दिला.

"हे काय, उलट्या हाताने?"

"घे की मुकाट्याने."

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. फोटो काढल्यापासून त्याने ताईचं तोंड पाहिलंच नव्हतं. ओट्याशी पाठ, मशीनवर पाठ. मशीनही तिने भिंतीकडे फिरवून घेतलं होतं. तो वळसा घालून पुढे जाऊ लागला, तशी तीही तेवढीच वळली.

"ताई, इकडे बघ ना."

"बघतेच आहे की रे..."

चौथ्या दिवशी चित्रात अख्खी ताई समोर होती. गालावरची खळीसुद्धा. तेवढ्यात निर्मात्याचा फोन आला.

"अहो, नमुन्यात बाईचं तोंड दिसतंय! तुमचाच नियम ना? डोळे काळे करा बघू. छापखानेवाला खोळंबलाय."

हात सवयीचा गुलाम. फोन कानाला धरूनच त्याने दोन फटकाऱ्यांत दोन्ही डोळे काळे केले. बाहेरच्या खोलीत मशीन थांबलं.

"अरे... लाईट गेली का?"

भर दुपार होती. तिच्या मशीनवर ऊन पडलेलं त्याला दारातून दिसत होतं.

वीस वर्षांत पहिल्यांदा तो घाबरला. त्याने दोन्ही फटकारे मागे घेतले. "आली," ताई म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं. निर्मात्याला त्याने सांगून टाकलं, दुसरा माणूस बघा, पण हात जोडतो, तो नमुना पुसू नका.

स्वतःची फाईलही पुसायची त्याची छाती होईना. चित्रासोबत ताईच पुसली गेली तर? कॉम्प्युटर तो आता बंदच करत नाही. दुपारी चित्रासमोर बसून ताईशी बोलतो, आणि उत्तर पाठीमागून, बाहेरच्या खोलीतून येतं. माणसाला कशाचीही सवय होते. त्यालाही झाली.

काल मात्र बोलता बोलता चित्रातली ताई त्याच्याकडे बघेनाशी झाली. तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे, दाराकडे लागली होती. बाहेरचं मशीन केव्हाच थांबलं होतं. कापडाची सळसळ झाली आणि त्याच्या खुर्चीपाशी येऊन थांबली.

वळून बघायचा त्याला धीर होईना. चित्राकडेच बघत त्याने हळूच विचारलं, "ताई... मागे तूच आहेस ना?"

चित्रातल्या ताईने मान हलवली. नाही.