तिसरी ताकीद

"घड्याळ बघता येतं का नुसतंच मांडीवर घेऊन बसलाय?"

अंगदशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य. बीडच्या हॉलमध्ये, शंभर-दोनशे माणसांदेखत, टेबलावर हात आपटून! माझं नाव सत्यभामा, घरी भामा. राग मला नावाबरोबरच मिळालाय, त्याला मी काय करू?

झालं होतं असं की जिल्ह्याची ज्युदोची फायनल मी शेवटच्या वीस सेकंदांत हरले होते. लढत चार मिनिटांची असते. मला तर वाटलं, या वेळ लावणाऱ्या पोरानं सहा मिनिटं चालवली. जीव घशाशी आला तरी घंटा वाजेना!

त्यानं मान वर केली. सावळा रंग, भुवईवर जुनी खोक, आणि नजर इतकी शांत की माझं डोकं आणखीच फिरलं.

"घड्याळ बरोबर हाय, मॅडम," तो म्हणाला. "पहिल्या मिनिटात तुमी अकरा डाव टाकले. शेवटच्या मिनिटात एकच... तो बी पडता पडता."

"डाव मोजत होतात व्हय?"

"माझं काम वेळ लावायचं होतं. पण... नजर हटली न्हाई."

एवढं बोलला आणि त्याचे कान लालभडक झाले. मी पाय आपटत निघून गेले खरी, पण पार एसटी स्टँडपर्यंत मला ते कान दिसत होते. कावून, ते तुम्हीच सांगा!

दुसऱ्या नंबरवर का होईना, मला राज्य निवडीला जाता येणार होतं. ती स्पर्धाही यंदा बीडलाच होती, ऑक्टोबरात. जिंकले तर राष्ट्रीय स्पर्धेला, हरले तर ज्युनियरमधून कायमची बाहेर, कारण वयाचं हे माझं शेवटचं वर्ष. हातात दोन महिने होते. आमच्या प्रशिक्षक उज्मा मॅडमनी काय करावं? त्याच अंगदला माझ्या सरावावर बसवलं.

"हा स्वतः खेळायचा," मॅडम म्हणाल्या. "गुडघा गेला, पन डोकं शाबूत हाय. तुझं उलट हाय, भामा. गुडघे चांगले हायत."

मग सुरू झालं. रोज संध्याकाळी तो मॅटच्या कडेला घड्याळ घेऊन बसायचा आणि मी घुसले रे घुसले की म्हणायचा, "कावून टाकला हा डाव?"

"टाकावासा वाटला म्हणून!"

"तिचा तोल कुठं होता?"

"मला काय माहीत?"

"मग थांबायचं."

थांबायचं, थांबायचं, थांबायचं! मला झोपेतही तोच शब्द ऐकू यायला लागला. आणि थांबले की पंच ताकीद देणार. ज्युदोत नुसतं उभं राहिलं, डाव टाकलाच नाही, की पंच शिदो देतो, म्हणजे ताकीद. अशा तीन झाल्या की खेळाडू बाद. मी हे अंगदला तावातावानं ऐकवलं.

"तिसरीच्या आधी डाव टाकायचा," तो म्हणाला. "पन बघून."

एका रविवारी तो आमच्या गावी, पालीला आला. निवडीच्या फॉर्मवर माझ्या वडिलांची सही हवी होती. आप्पा आणि मी धरणाच्या उतारावर मेंढरांना जंताचं औषध पाजत होतो. मी एकेक मेंढी धरायची, आप्पांनी तिच्या घशात औषध सोडायचं. अंगद मागं येऊन उभा राहिलाय, याचा मला पत्ताच नव्हता.

मेंढी धरायचीसुद्धा एक रीत असते. तिच्यामागं पळायचं नाही, पळालं की अख्खा कळप फुटतो. तिच्याकडं बघायचंही नाही. आपण आपलं चालत राहायचं, ती चालत राहते. मग तिनं मागचा पाय उचलला आणि अजून टेकवला नाही... तेवढ्यात तोच पाय पकडायचा.

"हेच!" मागून अंगद एवढ्यानं ओरडला की सगळी मेंढरं उधळली. "हेच मॅटवर कावून करत न्हाईस?"

"अहो, कळप फोडला की तुमी! धरा आता!"

बिचारा धरायला धावला. उजवीकडं गेला तर मेंढी डावीकडं, डावीकडं गेला तर मेंढी गायब, आणि शेवटी साहेब लेंड्यांत आडवे. आप्पा पोट धरून हसले. "मास्तर हाय न्हवं ह्यो तुझा?" मी हात दिला. तो उठला. पण हात काही सोडीना... मीही सोडला नाही, खोटं कशाला बोलू.

"भामा," तो हळूच म्हणाला, "एक सांगायचं हुतं."

"सांगा."

त्यानं एकदा आप्पांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "फॉर्मला... दोन फोटो बी लागतील."

मी हात झटकला. एक बोट वर करून पंचासारखी म्हणाले, "डाव टाकला न्हाई. पहिली ताकीद!"

त्याचे कान पुन्हा लाल.

त्या दिवसापासून मी मॅटवर मेंढीच धरायला लागले. समोरचीच्या तोंडाकडं बघायचं सोडलं. तिचं वजन कुठल्या पायावर येतंय, कधी सुटतंय, तेवढंच बघायचं. पहिल्या मिनिटाचे अकरा डाव सातावर आले, मग चारावर. आणि 'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते दोघांपैकी कुणालाच कळलं नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यानं नांदूरघाटहून, त्याच्या घरून, एक सीताफळ आणलं. पिकून मऊ झालेलं, सगळ्या हॉलभर वास! आणि मला बावन्न किलोत बसायचं होतं. सकाळपासून पोटात फक्त काकडी.

"माझा जीव घ्यायला आलास का?"

"आत्ता खायचं न्हाई. जिंकल्यावर." तो घुटमळला. "हे... हे मी... उज्मा मॅडमनी पाठवलं."

मॅडम पलीकडंच उभ्या होत्या. "मी? कधी?"

मी दोन बोटं वर केली. "दुसरी ताकीद, अंगद. आता एकच उरली. तिसरी झाली की बाद!"

जाता जाता मी विनवलं, "उद्या माझ्या कोचच्या खुर्चीत तू हायस. घुसायची वेळ आली की नुसता कान धर. मी समजून घेते."

"बघू," म्हणाला.

फायनल. समोर कोल्हापूरची, माझ्यापेक्षा बोटभर उंच. वर बाकावर आप्पा, खांद्यावर घोंगडी. खुर्चीत अंगद. खेळ चालू असताना प्रशिक्षकाला बोलता येत नाही, पण कान तर धरता येईल?

मी थांबले. तीही थांबली. दोघींना एकेक ताकीद. मग ती घुसत राहिली, मी मागं सरत कडेबाहेर गेले, मला दुसरी. पण दम होता अंगात! तिसरं मिनिट, चौथं मिनिट, आणि माझा श्वास अजून शाबूत. ती मात्र तोंडानं श्वास घ्यायला लागली होती. घंटा वाजली. बरोबरी!

आता गोल्डन स्कोअर. त्याला घड्याळाचा शेवट नसतो, पहिला गुण घेईल ती जिंकते. आणि मला तिसरी ताकीद मिळाली तर मी बाद, वर्ष बाद, सगळंच बाद. मी अंगदकडं बघितलं. कान धर ना रे!

त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. आणि नजर माझ्याकडं नव्हतीच. तो तिच्या पायांकडं बघत होता.

असला राग आला, असला राग आला! म्हटलं ठीक आहे, मर तू, मी माझं बघते. आणि बघितलं. तिनं उजवा पाय उचलला. पुढं आणला. अजून टेकला नव्हता...

माझा तळपाय आधी पोचला.

ती हवेत आडवी झाली आणि पाठीवर धाडदिशी आदळली. पंचाचा हात सरळ वर गेला. "इप्पोन!" पूर्ण गुण, लढत खलास! वरून आप्पांनी असली आरोळी ठोकली की धरणावरची मेंढरं वळली असतील.

मी मॅटवरून उतरले ती थेट त्याच्यावरच. "कान कावून न्हाई धरलास?"

"धरला असता तर तू कानाकडं बघत बसली असतीस," तो म्हणाला. "पाय तिकडं हुता, भामा."

माझा राग जागच्या जागी विरला. आयुष्यात पहिल्यांदा.

मग त्यानं खिशातून घड्याळ काढलं, चार मिनिटं लावली आणि माझ्या हातात दिलं. "आता माझी लढत. वेळ तू लाव."

मी कळ दाबली. तो उभा. मीही उभी. एक मिनिट... दोन... आजूबाजूला पोरी ओरडत होत्या, मेडलं वाजत होती, आणि हा आपला माझ्याकडं बघतोय! तीन मिनिटं झाली, साडेतीन झाली. माझं तिसरं बोट वर यायला लागलं.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "लई. टेबलावर हात आपटलास ना, तवापासनं."

उरले होते अकरा सेकंद. जुनी भामा पहिल्याच सेकंदाला हो म्हणाली असती. मी घड्याळ शून्यावर जाऊ दिलं.

"भामा... काहीतरी बोल की."

"घाई कावून करतोस? आता गोल्डन स्कोअर हाय."

मी पिशवीतून सीताफळ काढलं, फोडलं, अर्धं त्याच्या हातावर ठेवलं आणि उरलेल्यात तोंड खुपसलं. देवा, काय गोड होतं ते! त्याचा सगळा जीव डोळ्यांत गोळा झाला होता. मग मी हात सरळ, ताठ, पंचासारखा वर केला.

"मला बी तू आवडतोस. इप्पोन!"

त्याचे कान पेटले. आणि तेवढ्यात बाकावरून, सगळा हॉल ऐकेल अशा आवाजात, आप्पा ओरडले,

"ए भामे! आता आनखी काय जिंकलीस गं?"

मी सीताफळाची बी थुंकून टाकली आणि अंगदचा हात धरला.

"वर येऊन सांगते, आप्पा. दोघं बी येतो!"