भुत्याच्या झाडापाशी

धुक्यात कुणीतरी दोन्ही हात वर करून उभं होतं… पांढरंफटक, निश्चल. कादंबरी वाटेतच थबकली.

"घाबरू नका, झाड आहे ते," आवाज आला.

"मग बोललं कोण?"

"मी… इकडे, डावीकडे."

पँटला चिकटलेली कुसळं झटकत एक उंच तरुण गवतातून उठला. उत्तरेश्वर. मूळचा लातूरचा, नोकरी हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत.

"कांडोळ आहे हा. आमच्याकडे भुत्या म्हणतात. पानं गळायला लागली की असा उजळतो."

"छान! मुलींशी ओळख करून घ्यायला भूतच सापडलं का तुम्हाला?"

तो लाजून हसला. आणि कर्वेनगरची ही फटकळ कादंबरी दर रविवारी पहाटे उठून वेताळ टेकडी चढू लागली.

२००१ सालचा नोव्हेंबर सरत होता. धावड्याच्या झाडांची पानं तांबूस झाली होती, गवत मधाच्या रंगाचं. भुत्याची उरलीसुरली पिवळी पानं वारा नसतानाही एकेक सुटायची… जणू कुणी हाताने सोडतंय. कादंबरीच्या केसांत अडकलेलं पान उत्तरेश्वर अलगद काढायचा आणि खिशात ठेवायचा. त्यापुढे मात्र दोघांचीही जीभ रेटत नव्हती.

डिसेंबरात कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी हैदराबादला पाठवायचं ठरवलं. निघण्याआधीच्या रविवारी ती टेकडीवर पोचली, तेव्हा धुक्यात चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. भुत्याच्या खोडाआड पांढरा सदरा हलल्यासारखा वाटला.

"वाट बघशील माझी?" त्याचा आवाज आला.

बघशील! आज पहिल्यांदाच 'तू'! तिच्या अंगावर गोड शहारा आला.

"बघेन."

"कितीही दिवस?"

"कितीही…"

ती हसत खोडाला वळसा घालून गेली. मागे कुणीच नव्हतं. गवतावर दव तसंच होतं, एकही पाऊल न उमटलेलं.

तेवढ्यात खालच्या वाटेने उत्तरेश्वर धापा टाकत आला.

"सॉरी, बस चुकली… कादंबरी, एक विचारायचंय. दोन वर्षं… वाट बघाल का माझी?"

तिचे हात गार पडले. "हे आत्ता विचारलंत ना तुम्ही?"

"आत्ता तर येतोय मी! काय झालं?"

तिने त्याचा हात घट्ट धरला. ऊबदार होता, घामेजलेला, त्याचाच. "तुमची बघेन, उत्तरेश्वर," ती मोठ्याने म्हणाली. "फक्त तुमची."

मागून, अगदी कानाजवळून, त्याच आवाजात कुणीतरी हळूच विचारलं, "आणि माझी?"

उत्तरेश्वरचा चेहरा पांढरा पडला. त्यानेही ऐकलं होतं. दोघांनीही मागे पाहिलं नाही. हातात हात घट्ट धरून, गवत तुडवत, ती दोघं जवळजवळ पळतच पायथ्याच्या चहाच्या टपरीशी आली.

तिथे कादंबरीला कंठ फुटला. "मी वाटबीट काही बघणार नाही. इथे तर मुळीच नाही. मलाही हैदराबादला घेऊन चला."

"म्हणजे… लग्न करून?"

"नाही, बॅगेत भरून!"

त्याला हसू फुटलं, डोळेही भरून आले. "मग तुमच्या घरी कधी येऊ, विचारायला?"

कादंबरीने एकदा टेकडीकडे पाहिलं. धुकं वाटेवाटेने खाली उतरू लागलं होतं.

"आत्ताच," ती म्हणाली.