राव्दना आत्याची न वळणारी गाडी

"घट्ट धर, सुन्ना!" राव्दना आत्या ओरडली आणि तिनं बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलचं हँडल डावीकडे पार शेवटपर्यंत वळवलं.

गाडी वळलीच नाही. वाट डावीकडे गेली, गाडी नाकासमोर गेली आणि आत्या-भाची दोघी बर्चच्या झुडपात, कमरेएवढ्या बर्फात जाऊन पडल्या.

"लागलं का गं?" आत्यानं विचारलं.

"नाही. तुला?"

"मला काय होतंय." पण हे बोलताना आत्यानं सुन्नाकडे पाहिलं नाही. याच वळणावर, याच आठवड्यात, ती दुसऱ्यांदा पडली होती.

गाडी ओढून काढायला इस्सात काका आला. तो आत्याचा धाकटा भाऊ. दुपारी सगळे कॉफीला जमले तेव्हा त्यानं विषय काढला.

"ताई, राग मानू नकोस. पण आता पुरे. परवा कळप निघेल, तेव्हा तू मोटारीनं किनाऱ्यावर ये."

आत्या त्रेसष्ट वर्षांची होती. पंधराव्या वर्षापासून एकही वसंत चुकला नव्हता, दर वर्षी ती रेनडिअरच्या कळपामागून पठार ओलांडून समुद्रापर्यंत गेली होती. तिनं तिकडच्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचा तुकडा टाकला, बराच वेळ ढवळत बसली आणि मग गळ्यातली गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"पण काका, आत्यानं हँडल वळवलं होतं," सुन्ना म्हणाली. "मी मागेच बसले होते. मी पाहिलंय."

"उशिरा वळवलं असेल, बाळा. वय झालं की हात मागे पडतात."

"उशिरा नाही. गाडीच वळली नाही."

"तीच गाडी सहा वर्षं गुपचूप वळत होती ना?" काका हसून म्हणाला, आणि मोठी माणसं पुन्हा कळपाच्या गोष्टींना लागली.

सुन्नाच्या डोक्यात मात्र तेच वाक्य घोळत राहिलं. सहा वर्षं वळत होती. मग आत्ताच काय झालं?

शाळेला ईस्टरची सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सुन्ना वळणावर गेली, ती धाकट्या भावाला, योव्नाला, आणि मैत्रीण रिस्तेनला घेऊनच. रिस्तेनची आई आसपासच्या सगळ्या स्नोमोबाइल दुरुस्त करायची. ती सध्या कामासाठी दूर गेली होती, पण तिची हत्यारांची पेटी घरीच होती आणि रिस्तेनला त्यातलं प्रत्येक हत्यार ठाऊक होतं.

"आता काय, बर्फाची चौकशी करायची?" योव्ना म्हणाला.

"हो. तू तोंड बंद ठेवलंस तर बर्फ बोलेल," रिस्तेन म्हणाली आणि गुडघ्यांवर बसली.

रात्री बर्फ पडला नव्हता, त्यामुळे सगळ्या खुणा जशाच्या तशा होत्या. दुसऱ्या गाड्यांच्या नाकाखालच्या स्कींनी वळणावर बोटभर खोल रेघा कापल्या होत्या. आत्याच्या गाडीच्या रेघा नुसत्या ओरखड्यासारख्या होत्या. मागच्या रबरी पट्ट्याचा ठसा मात्र खोल रुतला होता.

"बघ," रिस्तेन म्हणाली. "सगळा भार मागे. नाक वर करून चाललीय बया. स्कीवर वजनच नसेल तर त्या बर्फ धरणार कशा? हँडल वळवलं तरी नुसत्या घसरणार."

"म्हणजे आत्याचा दोष नाही?" सुन्नानं विचारलं.

"ते गाडी पाहिल्याशिवाय नाही सांगता येणार."

गाडी आत्याच्या शेडमध्ये होती. तिघांनी फळीचा आधार देऊन ती कुशीवर कलती केली. रिस्तेननं मागच्या सस्पेन्शनमध्ये डोकं घातलं. तिथं एक जाड कापडी वादी होती. ही वादी सस्पेन्शनचा पुढचा भाग वर ओढून धरते. ती आखडली की गाडीचं नाक खाली राहतं, सैल सोडली की नाक उचलतं.

"वादीला तीन भोकं आहेत," रिस्तेन आतून म्हणाली. "बोल्ट शेवटच्या भोकात आहे. एकदम सैल. पण मधल्या भोकाभोवती बघ, गोल ठसा. बोल्ट वर्षानुवर्षं तिथं होता. शेवटच्या भोकाच्या कडा अजून नव्या आहेत."

"म्हणजे कुणीतरी हल्लीच हलवलाय," सुन्ना हळूच म्हणाली.

योव्ना तोवर दोरीनं दोन्ही स्कींमधलं अंतर मोजत बसला होता. "हँडल सरळ आहे, तरी पुढची टोकं मागच्यापेक्षा दोन बोटं जवळ आलीत. कबुतराच्या पायांसारखी."

"शाबास. ती अगदी किंचित बाहेर हवीत. उजवी स्की कशावर तरी आदळलीय. आणि तिच्या पोटाखालची पोलादी धार पार झिजलीय."

सुन्नाला पावदानाखाली अडकलेली बर्चची साल दिसली. आत्यानं या हिवाळ्यात एकही लाकूड ओढलं नव्हतं. पण दोन आठवड्यांपूर्वी इस्सात काकाची गाडी बंद पडली होती, तेव्हा दरीतल्या खोल बर्फातून सरपण आणायला तो आत्याचीच गाडी घेऊन गेला होता. खोल बर्फात गाडीचं नाक वर असावं लागतं.



"आत्ता जाऊन सगळ्यांसमोर सांगतो," योव्ना उठला.

"आणि तो म्हणणार, पोरांना काय कळतंय," रिस्तेन म्हणाली.

सुन्नाला काका आवडायचा. रेनडिअरच्या शिंगांवर दोरीचा फास टाकायला तिला त्यानंच शिकवलं होतं. पण आत्यानं टेबलावर ठेवलेली ती किल्ली तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती.

"आपण काहीच सांगायचं नाही," ती म्हणाली. "गाडी तशीच ठेवायची आणि काकालाच चालवायला लावायची. गोठलेल्या तळ्यावर, मऊ बर्फात, म्हणजे कुणाला लागणार नाही."

दुपारी तळ्यावर सगळे सामानाच्या घसरगाड्या बांधत होते. सुन्नानं बर्फात रेनडिअरचं एक शिंग रोवलं.

"काका, आत्याची गाडी घेऊन या शिंगाला डावीकडून वळसा घालून दाखव ना. हळूच."

"एवढंच?" काका हसला. "डोळे मिटून घालतो."

"नको, उघडेच ठेव," योव्ना म्हणाला.

काका निघाला. शिंगाजवळ त्यानं हँडल वळवलं. मग आणखी वळवलं. मग अंग डावीकडे झोकून सगळा जोर लावला. गाडी शिंग आडवं करून सरळ पुढे गेली आणि काठच्या बर्फाच्या ढिगात अर्धी घुसली.

आधी आत्या हसली. मग सगळे हसू लागले. काका टोपीतला बर्फ झटकत उठला आणि गाडीकडे बघत राहिला.

"इस्सात, वय किती रे तुझं?" कळप राखणाऱ्यांचा म्होरक्या, म्हातारा पिएरा, यानं विचारलं.

"अठ्ठेचाळीस," काका पुटपुटला.

मग सुन्नानं सगळं सांगितलं. बर्फातल्या रेघा, वादीची भोकं, झिजलेली धार, बर्चची साल. काकानं मध्येच टोपी काढली.

"वादी मीच सैल केली," तो म्हणाला. "आणि एका बुंध्यालाही धडकलो. परत लावायचं विसरून गेलो. ताई, मी तुला म्हातारी ठरवलं. चुकलो."

"मला वाटलं, खरंच माझेच हात गेले," आत्या म्हणाली. "काल रात्रभर या हातांकडे बघत बसले होते मी."

काकानं स्वतः गाडी ओढून आणली आणि पाना रिस्तेनच्या हातात दिला. झिजलेली धार काढून नवी बसवली. हँडलपासून स्कीपर्यंत जाणाऱ्या दांड्यांचे नट फिरवून स्की सरळ केल्या, योव्ना दर खेपेला दोरी धरून ओरडत होता, "अजून अर्धं बोट." वादी मधल्या भोकात घालायची ठरली, पण योव्ना अडून बसला. "पहिल्या भोकात घाला. जास्त घट्ट, जास्त चांगलं."

"बरं, तसंही बघू," रिस्तेन म्हणाली.

आत्या एक फेरी मारून आली. "वळतेय, पण नांगर ओढल्यासारखं वाटतंय. हात भरून आले."

"नाकावर फार भार झाला," रिस्तेन योव्नाकडे बघत म्हणाली. योव्नाला एकदम बूट नीट बांधायची आठवण झाली. बोल्ट मधल्या भोकात आला. या वेळी आत्यानं शिंगाला एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून वळसा घातला, आणि तिसऱ्यांदा एका हातानं.

"पुढच्या वर्षीपासून," पिएरा म्हणाला, "निघण्याआधी प्रत्येक गाडी या तिघांना दाखवायची. माझीसुद्धा. आम्ही सगळ्यांनी राव्दनाचं वय पाहिलं. या पोरांनी बर्फ पाहिला."

निघायच्या दिवशी सकाळीच कळप हलला. राखाडी पाठी पठारावर दूरवर पसरल्या. थोड्याच वेळात गाभण माद्यांचा एक घोळका फुटून उताराकडे पळाला, आणि कुणी काही म्हणायच्या आत आत्याची गाडी सुटली. उतारावर तिनं हँडल वळवलं. स्कींनी बर्फ कापला आणि गाडी मोठ्ठं वळण घेत माद्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. माद्या थबकल्या, मागे फिरल्या.

"अगदी वेळेवर वळवलं," मागे बसलेली सुन्ना आत्याच्या कानाशी म्हणाली.

आत्या हसली आणि तिनं गाडी कळपाच्या पुढे काढली.