छायाफेरी

"ही फेरी एका माणसाची नाही," लयमापकाचा पडदा प्रभंजन केळुसकरांकडे वळवत डॉ. इरावती भागवत म्हणाल्या.

पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेत जुने व्हिडिओ गेम तपासले जात. टेबलावर पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या रेसिंग गेमची कॅसेट होती. वरून दिसणारा वळणावळणाचा ट्रॅक, काडेपेटीएवढ्या गाड्या. खेळाडूची सर्वोत्तम फेरी कॅसेटमध्ये साठायची आणि पुढच्या खेपेला एक फिकट गाडी ती जशीच्या तशी धावून दाखवायची. तिला छायाफेरी म्हणत. याच छायाफेरीने शाळकरी प्रभंजनला राज्यस्पर्धा जिंकून दिली होती. आता एका संग्रहालयाला ती त्यांच्या नावाने मांडायची होती.

"बटण दाबण्याची प्रत्येकाची लय वेगळी, सहीसारखी," इरावती म्हणाल्या. "आम्ही तिला हस्तलय म्हणतो. एका माणसाचे दोन्ही अंगठे एकाच मेंदूच्या तालावर चालतात. इथे ताल दोन आहेत. उजवा अंगठा तुमचा, आज घेतलेल्या नमुन्याशी जुळतो. डावा कुणाचा?"

प्रभंजनांची मान खाली गेली.

"ताईचा. ज्योत्स्नाचा. लहानपणीच्या तापात तिचा उजवा हात लुळा पडला. गेमचा रिमोट आम्ही दोघांच्या मध्ये धरायचो. ती गाडी वळवायची, मी वेग आणि ब्रेक सांभाळायचो. स्पर्धेच्या फॉर्मवर एकाच नावाला जागा होती." ते थांबले. "नाही. दुसऱ्या नावालाही जागा होती. मीच तिचं लिहिलं नाही."

"मग दोन्ही नावं कळवू?"

"कळवा. अर्धं यश तिचं, अर्धं माझं." इतक्या वर्षांनी त्यांना जरा मोकळं वाटलं.

इरावती घुटमळल्या. "अर्धं नाही म्हणता येणार. तुम्ही स्वतः वळण पाहून बटण दाबलं असतं, तर कधी तिच्या आधी दाबलं असतं, कधी नंतर. तुमचा अंगठा प्रत्येक वेळी तिच्यानंतरच हललाय, आणि दर वेळी जवळजवळ तेवढ्याच अंतराने. शब्द ऐकून बोट हलायला लागतो तेवढा वेळ. ती काही बोलायची का?"

प्रभंजनांनी होकारार्थी मान हलवली.

"वळवता वळवता म्हणायची. 'दाब.' 'सोड.' 'आता दाब.'"

"म्हणजे वेगही तीच ठरवत होती."

बाहेर व्हरांड्यात येऊन त्यांनी ताईला फोन लावला. सगळं सांगितलं. फॉर्मचंही.

"माझं नाव माहेरचं लिहायला सांग," ताई म्हणाली. "आणि तुझ्या नावापुढे काय लिहिणार?"