शून्याखालची भांडणं

सांगलीच्या त्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत सकाळपासून नुसता कलकलाट होता आणि डॉक्टर केतकी बिडकर त्या कलकलाटावर जाम खूश होती. दोन वर्षं खपून तिनं बनवलेला मौनमापक आज पहिल्यांदा प्रेमात पडलेल्या पोरापोरींच्या गळ्याला लागणार होता.

या वयातल्या प्रेमात किती जणांना जाच सोसावा लागतो, हे मोजायचे आजवरचे सगळे प्रयत्न एकाच जागी अडले होते. प्रश्नावली दिली की पोरं बेधडक ‘नाही, कधीच नाही’ असं लिहून मोकळी होत. मार बसला तर वळ दिसतो, पण त्याच्या कितीतरी आधी भीती येऊन बसलेली असते. ती कुणी मोजायची? बारावीतल्या श्रावणीची आई तर परवा केतकीला भेटून रडली होती. पोरगी सगळं छान आहे म्हणते, पण घरात गाणं म्हणायची थांबलीय, असं तिचं म्हणणं. यंत्र काय सांगेल ते मी मानेन, म्हणाली. केतकीला त्या शब्दाचं ओझं वाटत होतं.

तिचे मार्गदर्शक डॉक्टर हिरेमठ यांचा शंका काढण्यात हात कुणी धरला नसता. आज मुलांना कळावं म्हणून त्यांनी मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं, गळ्याला लावायची ही पट्टी नेमकं करते काय?

“बोलायचं मनात आलं की गळ्याचे स्नायू आधी तयार होतात, सर. शब्द बाहेर पडला नाही तरी ती हालचाल होऊन गेलेली असते. कंठपट्टी असे गिळलेले शब्द मोजते.”

“ते तर मी आमच्या घरी रोज गिळतो.”

पोरं खिदळली. केतकीही हसली. “थोडे सगळेच गिळतात. म्हणून तर शून्यरेषा लागते. सुखातलं माणूस आपल्या माणसाशी बोलताना जेवढे शब्द गिळतं, ते आपलं शून्य. त्याच्या वर जो आकडा जाईल, ती भीती.”

आणि हे सुखातलं माणूस कोण, तर खुद्द केतकी. नवं यंत्र पहिल्यांदा स्वतःला लावून पाहायचं, हा हिरेमठांच्या प्रयोगशाळेचा जुना रिवाज. त्यात केतकीचं नुकतंच लग्न ठरलेलं. सौमित्र मोठा गोड मुलगा, आवाज म्हणून कधी चढायचा नाही. गळ्याला पट्टी लावून ती त्याच्याशी फोनवर अर्धा तास बोलली होती. हळदीला पिवळी साडी तुला खुलणार नाही, असं तो म्हणाला, ती बरं म्हणाली, आणि प्रयोगशाळेनं तिला यथेच्छ चिडवून घेऊन ती रेषा यंत्रात पक्की करून टाकली.

काम सोपं होतं. जोडीनं समोरासमोर बसून एका दिवसाची सहल ठरवायची. पहिले आले गार्गी चौगुले आणि मल्हार. दोघं बसल्याबसल्या भांडायला लागले. त्याला डोंगर चढायचा होता, तिला भेळ खायची होती, आणि तुझी अक्कल काढू का इथपर्यंत प्रकरण गेलं. आकडा शून्याच्या पुष्कळ खाली गेला. पुढची जोडीही खाली. त्यापुढचीही. हिरेमठांनी चष्मा पुसला आणि भर मे महिन्यात सांगलीत बर्फ पडल्यासारखं हे काय चाललंय, असं विचारलं. केतकीनं पट्टीची जोडणी पुन्हा तपासली. यंत्र बिघडलं असेल तर दोन वर्षं पाण्यात.

शेवटी श्रावणी आणि रोहन बसले. डोंगर? तू म्हणशील तसं. नदीकाठ? तू म्हणशील तसं. श्रावणी गोड हसत होती, रोहन मजेत होता, आणि पडद्यावर नेमकं शून्य उमटलं. यंत्र धड होतं आणि पोरगी सुखात होती. केतकीनं सुटकेचा श्वास टाकला. हिरेमठ रोहनला घेऊन पलीकडच्या खोलीत गेले. श्रावणीच्या आईला आता काय सांगायचं ते केतकी मनात जुळवू लागली.

पट्टी काढायला ती वाकली तेव्हा श्रावणीचा गळा तिला जवळून दिसला. तो अजून हलत होता. केतकीनं वळून पडद्याकडे पाहिलं. श्रावणीची रेषा शून्यरेषेवर तंतोतंत बसली होती.

म्हणजे तिच्या स्वतःच्या रेषेवर.

केतकीनं स्टूल ओढून सकाळपासूनचे आकडे पुन्हा पाहिले. यंत्र सकाळपासून खरं तेच सांगत होतं. पोरं शून्याखाली गेली नव्हती, शून्यच वर चढवून ठेवलेलं होतं, आणि ते तिनं हौसेनं, आपल्या गळ्यानं चढवलं होतं.

तेवढ्यात सौमित्रचा फोन आला. तिनं श्रावणीच्या गळ्याची पट्टी काढून स्वतःच्या गळ्याला चिकटवली आणि फोन घेतला.

“हळदीला मी पिवळीच नेसणार आहे,” ती म्हणाली.

पलीकडून मऊ आवाज आला, की तू दमलीयस, आपण संध्याकाळी बोलू.

“दमले नाही मी. मला हे लग्न करायचं नाही, सौमित्र.”

पडद्यावरचा आकडा घसरगुंडीवरून सुटल्यासारखा खाली गेला. केतकीला इतकं हलकं वाटलं की तिला हसूच आवरेना. श्रावणी तिच्याकडे टक लावून बघत होती.

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “मला सागरेश्वरच्या अभयारण्यात हरणं बघायची होती. तो म्हणतो, बालिश आहे. मला त्याच्याबरोबर कुठंच जायचं नाही आता.”

दारातून गार्गीचं डोकं आत आलं. “मग आमच्याबरोबर चल की. ह्या मल्हारला डोंगरावर सोडू, आपण हरणं बघू.”

मल्हार मागून कडाकडा भांडू लागला. हिरेमठ बाहेर आले, पडद्यावर श्रावणीची आणि केतकीची रेषा एकावर एक बसलेली त्यांनी पाहिली आणि केतकीच्या डोक्यावर हात ठेवला. रोहनशी मी आजच नाही, रोज बोलणार आहे, असंही म्हणाले. श्रावणीच्या आईला काय सांगायचं, हे आता केतकीला पक्कं ठाऊक होतं.

मग तिनं जुनी शून्यरेषा पुसली आणि गार्गी-मल्हारला पुन्हा समोरासमोर बसवलं. मौनमापकाचं शून्य त्या दोघांच्या भेळेच्या भांडणावरून ठरलं. ते मोजत असताना खिडकीपाशी उभी राहून श्रावणी काहीतरी गुणगुणत होती.