गोल दालनातला काटकोन

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट लहानच आहे. पण एका बापाची अब्रू तिच्यात टांगणीला लागली होती.

"संध्याकाळी पोलीस बाबांना नेतील हो!" वाचनालयाच्या राखणदाराची मुलगी वहिनींच्या उंबरठ्यावरच कोसळली. काल भाषण चालू असताना व्हरांड्यातल्या कपाटातून संस्थापकांचं सोन्याचं घड्याळ गेलं होतं. बाबा किल्ली कपाटालाच विसरून वक्त्यांसाठी पाणी आणायला गेले होते. बाकी सगळे म्हणे आत दालनात.

वहिनी खासगी तपास करीत. त्यांनी लगेच चपला घातल्या. मागोमाग धाकटा दीर निघाला.

वाचनालयाचं दालन वाटोळं. दोन दारं अगदी समोरासमोर. दोरी ताणली तर बरोबर मध्यातून जावी. दोहोंच्या मधल्या भिंतीला रुंद उघडी खिडकी, पलीकडे व्हरांडा आणि ते कपाट.

"मी वक्त्यांशेजारी होतो, साऱ्या सभेनं पाहिलंय," वाचनालयाचे चिटणीस फणकारले.

"आणि मी खिडकीलगत, आतून भिंतीला पाठ लावून," छायाचित्रकार म्हणाला. "भाषणभर तिथून हललो नाही. हा फोटो बघा ना!"

फोटोत मध्ये चिटणीस, दोन्ही कडांना दोन्ही दारं.

"भिंगात किती कोन मावतो?" वहिनींनी विचारलं.

"ऐंशी अंश. भिंग एकच आहे माझ्याकडे."

दीर कुजबुजला, "वहिनी, हाही सुटला. पोरीला काय तोंड दाखवायचं?"

"भाऊजी, भूमितीच्या तासाला डुलक्याच काढल्यात वाटतं! ते जाड पुस्तक घ्या. कोपरा भिंतीला टेकवा, एक कड एका दाराकडे धरा. दुसरी कुठं जाते?"

दीरानं नजर लावली. "दुसऱ्या दारावर!"

"आता भिंतीलगतच थोडे तिकडे सरका."

तो सरकला, पुस्तक फिरवलं. पुन्हा तेच.

"अर्धवर्तुळातला कोन काटकोनच," वहिनी म्हणाल्या. "भिंतीलगत कुठंही उभे राहा, दारांमध्ये नव्वद अंश. पुढं आलात तर वाढतीलच. मग ऐंशीच्या भिंगात दोन्ही दारं मावली कशी? मागं सरल्याशिवाय नाही. आणि मागं तर भिंत!"

सगळ्यांच्या नजरा खिडकीकडे वळल्या.

"फोटो व्हरांड्यातून काढलाय. कपाटापासून हातभर अंतरावरून. खोटं कशाला बोललात?"

छायाचित्रकारानं कॅमेऱ्याची पेटी हळूच मागं ढकलली. घड्याळ तिच्यातच, मखमलीखाली निघालं.

मुलगी बापाच्या गळ्यात पडली. बाबा मात्र एवढंच पुटपुटले, "वक्त्यांचा घसा सुकला होता हो..."

बाबांनो, कुणी तुम्हाला पाण्याचा पेला पुढं केला, तर त्या राखणदाराची आठवण असू द्या.