वर सरकणारी ओळ

विपुल बेपत्ता होऊन एकोणीस दिवस झाले, तेव्हा सुधाताईंनी त्याचा कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू केला. पडद्यावर काहीच नव्हतं. एकही चित्र नाही, नाव नाही. काळा पडदा आणि कोपऱ्यात घड्याळ.

तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा रेल्वेत होता, तो जाऊन सहा वर्षं झाली. डहाणूच्या घरात उरले होते ते मायलेक दोघंच. विपुल गावोगावच्या शाळांमधले कॉम्प्युटर दुरुस्त करत हिंडायचा. फेब्रुवारीतल्या एका दुपारी "आलोच गं" म्हणून निघाला. संध्याकाळी त्याची मोटरसायकल विवळवेढ्याच्या फाट्यावर सापडली. स्टँडवर नीट लावलेली, किल्ली तशीच. पोलिसांनी सगळ्या शाळांना फोन केले. त्या दिवशी तो कुठल्याच शाळेत पोचला नव्हता.

तलासरी नाक्यावर दुकान असलेला त्याचा मित्र रूपेश आला, त्यानं काळा पडदा पाहिला आणि मान हलवली.

"काकू, त्याला माउस आवडायचा नाही. त्यानं लाँचर टाकून ठेवलाय. हे बघा, ऑल्ट आणि स्पेस एकदम दाबायचं."

पडद्याच्या मधोमध एक पांढरी पट्टी उमटली.

"आता एक अक्षर टाइप करा. त्या अक्षरानं सुरू होणारं सगळं खाली येतं. जे तो जास्त वेळा उघडायचा ते वर. ही पट्टी त्याची सवय लक्षात ठेवते. पण एंटर दाबू नका हं. एंटर दाबलं की ती फाइल उघडते, आणि मग त्याच्या सवयीवर तुमची सवय बसायला लागते. नुसतं बघायचं आणि एस्केप."

सुधाताईंनी ते मनावर घेतलं. मुलाच्या हाताचं आता एवढंच उरलं होतं, ते त्यांना पुसायचं नव्हतं. रोज दुपारी जेवणखाण आटोपून त्या बसत, ए पासून झेडपर्यंत एकेक अक्षर दाबत आणि खाली आलेली नावं वहीत जशीच्या तशी उतरवत. कुठंतरी काहीतरी सापडेल. एखादं गाव, एखादी मुलगी, एखादा राग. काहीही चाललं असतं.

एस दाबला की शाळांच्या फाइली येत. शाळा-वरोर पहिली, मग बाकीच्या, आणि सगळ्यात खाली, आठवी, शाळा-झरी.

मंगळवारी ती सहावी होती.

गुरुवारी चौथी.

त्यांनी रूपेशला बोलावून वही पुढे केली.

"चुकून एंटर लागलं असेल, काकू."

"रूपेश, मी तीस वर्षं हजेरी घेतली आहे. मी चुकून काही करत नाही."

रूपेशनं मागे वाकून पाहिलं. मशीनला नेटची वायर नव्हतीच. त्यानं विजेची वायर काढली, गुंडाळून पिशवीत टाकली. "दोन दिवस माझ्याकडे राहू दे. मग बघू."

ते दोन दिवस सुधाताई बंद पडद्यासमोर बसल्या. करायला दुसरं काही नव्हतं. हात कीबोर्डवर ठेवत, आणि कधी कधी त्याच्याशी बोलत. जेवलास का, असं काहीतरी.

तिसऱ्या दिवशी सकाळी रूपेशनं वायर जोडली. ऑल्ट, स्पेस, एस.

शाळा-झरी पहिली होती.

"चल," सुधाताई म्हणाल्या. त्यांनी चपला घातल्यासुद्धा होत्या.

झरीच्या पुढच्या एका पाड्यावर ती शाळा होती. नोव्हेंबरपासूनच्या भूकंपाच्या धक्क्यांनी भिंती उकलल्या होत्या, म्हणून मुलं मैदानात तंबूखाली बसत होती. गुरुजींनी किल्ली दिली ती नाइलाजानं.

"आत फार वेळ थांबू नका. जानेवारीपासून खोली बंदच आहे. लाइटही तोडलीय."

खोलीत कोंदट, ओल्या चुन्याचा वास होता. भिंतीतून हात जाईल एवढी भेग, बाकांवर माती. कोपऱ्यात टेबल, त्यावर कॉम्प्युटर, पुढे दोन खुर्च्या. मॉनिटरवर धुळीचा जाड थर होता. कीबोर्ड स्वच्छ होता.

रूपेश दारातच थांबला.

शाळेची खिचडी शिजवणारी नवशी त्यांच्या मागोमाग आली होती. सुधाताईंनी मोबाईलवरचा विपुलचा फोटो तिच्यापुढे धरला. नवशीनं फोटोकडे जेमतेम पाहिलं.

"हां, तो. दुपारचा हितं बसतो. मी पाणी आणून ठेवते. पीत नाय."

सुधाताईंनी टेबलाचा कोपरा धरला. "कधीपासून?"

"झाले पंधरा-वीस दिस."

"खोलीला तर कुलूप आहे," रूपेश म्हणाला. "पाणी कुठून देतेस?"

"खिडकीतून."

"आणि इतके दिवस तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगाचा?" नवशीला त्याचा रागच समजेना. "पोऱ्या आपल्या आईसंग बसलेला."

तंबूतून पाढे ऐकू येत होते.

"कोण आई?" सुधाताईंनी विचारलं.

"तूच ना, बाय. काल पण होतीस, परवा पण. तो तुझ्या हातावर हात ठेवून शिकवीत होता. तू हसत होतीस."

काल दुपारी सुधाताई डहाणूत होत्या. बंद पडद्यासमोर.

रूपेशनं त्यांचा दंड धरला. "काकू, बाहेर चला. मी पोलिसांना फोन करतो. इथे रेंज नाही, रस्त्यावर जायला लागेल. चला."

"तू हो पुढे."

"काकू."

"जा म्हटलं ना."

तो गेला. नवशीही खिचडी करपेल म्हणून गेली. सुधाताईंनी डावीकडची खुर्ची ओढली आणि बसल्या. पडद्यावरच्या धुळीत त्यांचा चेहरा दिसत नव्हता. त्यांनी उजवा हात कीबोर्डवर ठेवला, आणि वाट पाहिली.

जमीन एकदा हलली. भेगेतून माती गळत राहिली. मैदानात मुलं ओरडली, मग गप्प झाली. रूपेश लांबून हाका मारत होता.

सुधाताई आपल्या हाताकडे बघत होत्या.

हाताच्या मागच्या, वयानं सैल झालेल्या कातडीवर चार छोटे खळगे पडले होते, वरून कुणी बोटं टेकवावीत तसे. त्यांनी हात हलवला नाही. पहिला खळगा जरा खोल झाला, आणि त्यांचं बोट खाली गेलं.